टाकी भरलेली, खाली पाणी येतं, वरच्या बाथरूमला थेंब नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की चवथीच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, परत भरली, आता खाली रांधपात (स्वयंपाकघरात) धो धो पाणी आणि वरच्या बाथरूमला थेंब नाही. प्लंबर म्हणतो टाइल्स फोडून लाइन बदला. थांबा, काही फोडू नका, ९० टक्के ही लाइनीत अडकलेली हवाच आहे.

आधी वर जाऊन त्या लाइनचा वॉल्व बघा. जुना गेट वॉल्व असेल तर चाक नुसतं गोल फिरतं आणि आतली पट्टी खालीच बसलेली असते, माझी यात अर्धी सकाळ गेलेली आहे. तो ठीक असेल तर नळ सोडून ऐका. फुर्र फुर्र करून दोन चुळा पाणी आलं आणि बंद झालं तर हवा, बारीक पण सरळ धार लागली तर टाकी धुतानाचा गाळ नळाच्या जाळीत बसलाय, जाळी काढून धुवा, झालं.

आता खाली येतं आणि वर का नाही, तर पाण्याला १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर मिळतं. तुमचा वरचा नळ टाकीखाली जेमतेम दोन मीटर असणार, म्हणजे पाव किलोसुद्धा नाही. आमच्याकडे स्लॅबवरून लाइन नेताना पॅरापेटवरून उडी मारून नेतात ना, त्या कमानीत हवा बसते आणि एवढ्याशा जोराने ती हलत नाही.

उपाय उलटा आहे, खालून वर ढकलायची. अंगणात सरकारी पाण्याचा डायरेक्ट नळ असेल तर सकाळी फोर्स असताना तिथून स्वच्छ होज पाईप वरच्या बाथरूमच्या नळाला क्लिपने घट्ट आवळा (वॉशिंग मशीनचा नळ असेल तर उत्तम, त्याला होज बसवायला आटे असतात), बाकी त्या लाइनचे सगळे नळ बंद, आधी वरचा नळ उघडा मग अंगणातला. एकाला टाकीवर झाकण उघडून उभं करा. आमच्याकडे भावाचा पोरगा उभा होता, आधी काहीच नाही आणि मग आउटलेटमधून भडभडा बुडबुडे, तो वरून ओरडला "काका, टाकी उकळतेय!" बुडबुडे थांबले की अजून मिनिटभर चालू ठेवा. मग नळ बंद करून होज लगेच काढा, तसाच ठेवलात आणि सरकारी पाणी गेलं तर टाकीचं पाणी उलटं मेन लाइनीत ओढलं जाईल.

दरवेळी हा खेळ नको असेल तर लाइन जिथे सगळ्यात उंच जाते तिथे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्ध्या इंची पाईप टाकीच्या झाकणापेक्षा वर उघडा सोडा, तोंड एल्बोने खाली वळवून जाळी बांधा, नाहीतर डास. टाकी तळापर्यंत रिकामी झाली तरी हवा तिथून निघून जाते. प्रेशर पंप घ्यायला सांगतील, माझ्या मते या कामासाठी पैसे फुकट.

आणि हो, त्या बाथरूमचा गिझर सध्या स्विचवरूनच बंद ठेवा. आत पाणी कमी असताना चालू झाला तर कॉइल जाईल. गरम नळाला सलग धार लागली की मगच लावा.