अण्वस्त्रातलं वस्त्र

प्रश्न असा आला आहे: "बातम्यांत 'अण्वास्त्र' आणि 'अणवस्त्र' दोन्ही ऐकू येतं. बरोबर कोणतं? आणि विशेषण 'आण्विक' की 'अण्विक'?"

पहिली दोन्ही चूक. अणु अधिक अस्त्र, अण्वस्त्र. मनु आणि अंतर मिळून मन्वंतर होतं, तसंच. 'अण्वास्त्र' हे ब्रह्मास्त्राच्या चालीवर घेतलेलं सोंग आहे. तिथे अ आणि अ मिळून आ होतो. इथे आधी उ आहे, त्याचा व होतो. आणि 'अण-वस्त्र' असं तोडून निवेदक "रशियाची अणवस्त्रं" म्हणाले की माझ्या डोळ्यांपुढे दोरीवर वाळत घातलेले कपडे येतात. परवा त्यापायी चहा सांडला.

पण खरी गंमत पुढच्या अस्त्रात आहे. धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांची (धातूंची) जुनी यादी, सांगतो, 'असु क्षेपणे'. अस् म्हणजे फेकणे. फेकायचं ते अस्त्र. शस्त्र 'शसु हिंसायाम्' मधलं, हातात धरून कापायचं. तलवार शस्त्र, बाण अस्त्र. म्हणजे 'क्षेपणास्त्र' हा चक्क पिवळा पीतांबर झाला! जुन्या धनुर्वेदात यासाठी 'यंत्रमुक्त' असा नेटका शब्द होता, पण आम्हाला विचारतो कोण.

एका विद्वानांचा आग्रह असा की अस्त्र मंत्राने सोडतात, बॉम्बला मंत्र नसतो, सबब 'अणुशस्त्र' म्हणावं. त्यांनी धातुपाठापेक्षा रविवार सकाळच्या पौराणिक मालिका जास्त पाहिलेल्या दिसतात. मंत्र म्हणून का होईना, शेवटी ते सोडायचंच ना? अणुबॉम्ब हातात धरून कोण कुणाला भोसकणार आहे?

माझं तर म्हणणं आहे की अमेरिका आणि सोव्हिएत संघाची सगळी चढाओढ या एका धातूत मावते. हिरोशिमा-नागासाकीनंतर चारच वर्षांत, २९ ऑगस्ट १९४९ला, सोव्हिएत संघानेही अणुस्फोट केला. बॉम्ब दोघांकडे झाला. प्रश्न उरला तो फेकायचा. १९५२च्या नोव्हेंबरात अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर 'माइक' नावाचा पहिला मोठा हायड्रोजन बॉम्ब उडवला. हायड्रोजनची ताकद, १० मेगाटनांहून (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकं) मोठा स्फोट, एलुगेलाब नावाचं अख्खं बेट नाहीसं. पण इंधन म्हणून द्रवरूप ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, ते थंड ठेवायला शीतगृहाएवढा सरंजाम, आणि सगळ्याचं वजन सत्तर टनांच्या वर. हे कोणत्या विमानातून टाकणार? माझ्या मते माइक अण्वस्त्र नव्हताच. ती स्फोट होणारी इमारत होती. दीड वर्षाने, मार्च १९५४मध्ये, कोरडं इंधन वापरून तिथल्याच बिकिनी बेटांवर चाचणी झाली, तेव्हा कुठे ते फेकण्याजोगं झालं. तेव्हा त्याला अस्त्र म्हणा.

तिकडे सोव्हिएत बॉम्ब जड, म्हणून तो वाहणारं आर-७ रॉकेटही थोराड बांधलं. १९५७मध्ये त्याच रॉकेटने स्पुतनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह वर नेला. आणि १९६१चा तो ५० मेगाटनांचा 'झार बॉम्ब'! २७ टनांचं धूड विमानाच्या पोटात मावेना, म्हणून पोटाची दारं काढली. टाकल्यावर विमानाला पळायला वेळ मिळावा म्हणून बॉम्बला पॅराशूट बांधलं. ओढूनताणून का होईना, फेकला. अस्त्र.

अवघड जागी दुखणं आहे ते अणुसुरुंगांचं. ब्रिटिशांनी पन्नाशीच्या दशकात जर्मनीच्या जमिनीत पुरायचा एक सुरुंग योजला होता. हिवाळ्यात त्यातली यंत्रणा गारठू नये म्हणून आत जिवंत कोंबड्या, दाणापाण्यासकट, ठेवायच्या असाही विचार झाला! १९५८मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. फेकायचा नाही, धरायचाही नाही. याला अणुखुराडं म्हणावं. वरचे विद्वान इथे 'बघा, तुमची व्याख्या फसली' म्हणतील. म्हणोत. सुरुंगाला मराठीत सुरुंग म्हणतात, त्याला अस्त्र करायची गरजच नाही.

१९८६च्या सुमारास जगात साठ हजारांहून जास्त अण्वस्त्रं होती. नागासाकीनंतर युद्धात त्यांतलं एकही 'अस्' झालेलं नाही.

हां, विशेषण राहिलं. आण्विक. शरीराचं शारीरिक, तसा इथेही आधीचा अ लांबतो. हिंदीवाले 'आणविक' म्हणतात, म्हणू द्यात. अण्विक कुणीच म्हणू नये.