लेशधातू, जड धातू की सूक्ष्म अन्नद्रव्य?

समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिसदृश जीवांवर, लिहिताना 'ट्रेस मेटल'साठी (अत्यल्प प्रमाणात आढळणाऱ्या धातूंसाठी) मराठीत कोणता शब्द घ्यावा, असा प्रश्न आहे. विचारणाऱ्यांना जड धातू, सूक्ष्म अन्नद्रव्य आणि लेशधातू असे तीन शब्द सापडले आहेत.

मी निःशंकपणे 'लेशधातू' घेईन. लवलेश, लेशमात्र यांतला हा 'लेश' फक्त प्रमाण सांगतो; धातू उपकारक की घातक, याबद्दल काही बोलत नाही. 'जड धातू' म्हटलं की प्रदूषण डोळ्यांपुढे येतं. 'सूक्ष्म अन्नद्रव्य' शेतीविषयक लेखनात छान रुळला आहे, पण त्यात पोषण गृहीतच धरलेलं असतं. मग तांब्याला काय म्हणायचं? प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्लास्टोसायनिन या प्रथिनाला तांबं लागतं, आणि पाण्यातलं मुक्त तांबं जरा वाढलं की सायनोबॅक्टेरियांची (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंची) वाढ खुंटते. कॅडमियमची ओळख तर विष म्हणूनच. तरी थॅलॅसिओसिरा वाइसफ्लॉगी या डायटममध्ये (सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशीय प्लवकात), जस्ताची टंचाई असताना, कार्बन डायऑक्साइड वापरायला मदत करणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) कॅडमियम जस्ताची जागा घेतं!

'लेश' म्हणजे किती, हे लोहावरून कळतं. खुल्या महासागराच्या पृष्ठजलात ते बहुधा लिटरला एक नॅनोमोलहूनही कमी, म्हणजे 56 नॅनोग्रॅमच्या आत असतं. पूर्वीचे आकडे फुगलेले होते, कारण जहाजाचं आणि उपकरणांचं लोखंड नमुन्यांत उतरत असे. दक्षिण महासागरात नायट्रेट हे पोषकद्रव्य मुबलक असूनही प्लवक विरळ का, याचं उत्तर समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी लोहाच्या तुटवड्यात शोधलं. 1993 साली, त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, गॅलापागोसजवळच्या समुद्रात लोह सोडून पाहिलं तेव्हा प्लवकांची वाढ खरोखरच झाली.

लिहिताना आणखी एक भेद पाळायलाच हवा: 'विरघळलेलं लोह' आणि 'उपलब्ध लोह'. विरघळलेल्या लोहापैकी जवळजवळ सगळं सेंद्रिय रेणूंना बांधलेलं असतं, आणि ते पेशीला सहज उचलता येतंच असं नाही. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर वाक्याचा अर्थच बदलतो.

लेशधातू जोडूनच लिहावा. लेशधातूंचा, लेशधातूंमुळे अशी रूपं सहज होतात. यादीत सेलेनियमसारखा अधातू आला, तर मात्र 'लेश मूलद्रव्ये' म्हणावं.