सभागृहातले दिवे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

३ डिसेंबरच्या, दिव्यांग दिनाच्या परिसंवादाची पत्रिका वाचली. वक्ते, सत्रं, शाल-श्रीफळ सगळं आहे; कर्णबधिर विद्यार्थ्यांना चर्चा कळणार कशी, ते मात्र कुठेच नाही.

मागे मी संयोजक असताना खुणांच्या भाषेची दुभाषी आवर्जून बोलावली होती. स्लाइड नीट दिसाव्यात म्हणून कुणीतरी दिवे मालवले आणि तिचे हात अंधारात गेले. पहिल्या रांगेतल्या एका मुलानं मोबाइलची बॅटरी तिच्या हातांवर धरली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजही ते आठवलं की जीव कासावीस होतो. म्हणून सांगते, तिच्यावर उजेड राहू दे. भाषणं तिला आदल्या दिवशी दे. सलग खुणा करून हात आणि डोकं दोन्ही थकतात, तेव्हा वीस-तीस मिनिटांनी बदलायला दुसरी दुभाषी हवीच. निबंध युनिकोडमध्ये माग. जुन्या फॉन्टमधलं मराठी स्क्रीन रीडरला, म्हणजे अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, निव्वळ गिचमीड वाटतं, आणि स्कॅन केलेलं पान म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र. व्यासपीठ दोन फूट उंच असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी उतार चोवीस फूट लांब लागतो. मांडववाल्याला आजच सांग.

आता गावातल्या पाहणीबद्दल. ‘घरात कोणी दिव्यांग आहे का?’ हा तुझा पहिलाच प्रश्न काढून टाक. एका ओसरीवर मी तो विचारला, सूनबाई ‘नाही’ म्हणाल्या. मागे बाजेवर आजी ताटातली भाकरी चाचपडत होत्या. ‘म्हातारपण आहे ते,’ एवढंच उत्तर. त्याऐवजी वॉशिंग्टन गटाचे, म्हणजे दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सहा प्रश्न घे: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालायला, पायऱ्या चढायला जड जातं का, असे. उत्तर चार पायऱ्यांत येतं, अजिबात त्रास नाही इथपासून मुळीच जमत नाही इथपर्यंत. आणि शक्यतो ज्याचं त्यालाच विचार.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, पण प्रमाणपत्राअभावी कितीतरी माणसं कागदावर येतच नाहीत. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, हेही घरोघरी माहीत नसतं. पाहणी करताना ते सांग. निष्कर्ष आधी ग्रामसभेत वाच, मग परिसंवादात.

सुधारलेली पत्रिका बुधवारपर्यंत पाठव. दुभाषींशी मी बोलते.

तुझी,
मॅडम