पाटणचा शिलालेख दोन सभांत सांगताना

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पाटणच्या शिलालेखावरचा तुझा निबंध परिषदेत घेतला आणि गावच्या वाचनालयानंही त्याच विषयावर व्याख्यान ठेवलं, हे वाचून फार आनंद झाला. गावात किती सोपं करून सांगू, असं तू विचारतेस. भाषा हवी तेवढी सोपी कर, खात्री मात्र तसूभरही वाढवू नकोस.

चाळीसगाव तालुक्यात कुणीतरी उठून विचारणारच, "भास्कराचार्य आपल्या पाटणचेच ना?" सगळी सभा तुझ्या होकाराची वाट बघेल. तेव्हा दगडावर आहे तेवढंच सांग. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिलं. स्वतः भास्कराचार्य आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगतात. ते नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. लोक जरा हिरमुसतील. हिरमुसू देत. आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात गणित शिकवायला मठ होता आणि त्याचा लेखी पुरावा आहे, हे काय थोडं झालं? परिषदेतही हेच, याच तोलानं बोल. एका सभेत 'कदाचित' आणि दुसरीत 'नक्की' असं झालं, की दोन्हीकडचा विश्वास जातो.

क्रम मात्र बदल. परिषदेत आधी जर्मन संस्कृत पंडित कीलहॉर्ननं 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेख छापणाऱ्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात छापलेला पाठ समोर ठेव, तुझं वाचन कुठे वेगळं पडतं ते अक्षर दाखव आणि मग निष्कर्षाकडे वळ. गावात राजांच्या वंशावळीनं सुरुवात केलीस, तर मागच्या रांगा दहा मिनिटांत रिकाम्या होतील. तिथे लेखाच्या शेवटच्या, जुन्या मराठीतल्या ओळी आधी घे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाला दिलं आणि चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल लावून दिलं, हे त्या ओळींत आहे. मूळ ओळ सावकाश, मोठ्यानं वाच. घाणा ज्यांनी पाहिलाय अशी म्हातारी माणसं अजून आहेत. पळी केवढी, तेल कुणी मोजायचं, घाणेवाल्यानं नाही दिलं तर काय, असं ती विचारतील. हे प्रश्न वहीत उतरव. मठाचा खर्च कसा चालायचा, हा तुझ्या पुढच्या निबंधाचा विषय त्यातूनच निघेल, असं मला मनापासून वाटतं.

अक्षरं दाखवायची तर फोटो संध्याकाळी, बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून, तिरप्या उजेडात काढ. समोरून उजेड पडला की खोदलेल्या रेघा सपाट दिसतात. पडद्यावर एकच ओळ मोठी करून ठेव. "हाई काय लिखेल शे?" असं एखाद्या पोरानं विचारलं, तर त्यालाच पुढे बोलावून अक्षरं लावायला सांग.

खानदेशच्या फारुकी सुलतानांबद्दलही विचारतील, आणि काहींना तो विषय नकोसा वाटेल. टाळू नकोस. थाळनेर ही त्यांची पहिली राजधानी, त्यांचे मकबरे अजून तापीकाठी उभे आहेत. आदिलशहा फारुकीनं बांधलेल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही आहे. त्यात फारुकींची वंशावळ आहे आणि शके १५११ असा काळ दिलाय. एवढं सांगून लेखाचा फोटो दाखव. पुढचं बोलणं श्रोते करतील.

व्याख्यानाची वेळ वाचनालयवाल्यांशी बोलून ठरव. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी कुणी फिरकणार नाही. आणि लेखाचा मोठा फोटो, खाली पाठ आणि आजच्या मराठीतला अर्थ, असं चौकटीत बसवून तिथेच लावून ये. निबंधाचा कच्चा खर्डा पाठव, मी वाचून कळवतो.

तुझे सर