नेमप्लेट नसलेली जुनी गोल करवतीची सॉ-मिल कोणत्या कंपनीची, हे कसं ओळखायचं?

आधी ब्लेडवरचं नाव डोक्यातून काढून टाका. तुम्ही लिहिलंय की शेडमध्ये जुनी मिल पडून आहे, नेमप्लेट गायब आहे, पण ब्लेडवर 'डिस्टन, फिलाडेल्फिया' असं वाचता येतं, तर मिल डिस्टनचीच समजायची का? अजिबात नाही. डिस्टन, सायमंड्स, हो ही करवती बनवणाऱ्यांची नावं. त्यातली न्यूयॉर्कची हो तर छपाई यंत्रांसाठी जास्त प्रसिद्ध. ब्लेड हा झिजणारा माल आहे. दाते बदलतात, पातं ठोकून सरळ करायला बाहेर जातं, तडा गेला की दुसरं येतं. आणि ते दुसरं कुणाचंही चालतं, कारण मधलं भोक २ इंच आणि पिनांची दोन भोकं ५/८ इंच हे माप बहुतेकांनी सारखंच ठेवलं होतं. टायरवरचं नाव वाचून ट्रक कुठल्या कंपनीचा ते सांगण्यासारखंच आहे हे.

हे इतक्या तिडिकीने सांगतोय त्याला कारण आमचे साडू. त्यांनी अशीच एक जुनी मिल विकत घेतली, ब्लेडवर डिस्टन दिसलं, आणि शेडच्या दारावर लाल रंगात तेच नाव रंगवून टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "अस्सल डिस्टन आहे." मी एकदा म्हणालो की ब्लेड वेगळं आणि मिल वेगळी. त्यावर चारचौघांत म्हणाले, "तुम्ही पुस्तकं वाचा, आम्ही लाकूड कापतो." बरं.

पुढे त्यांनी मिल रंगवायला काढली आणि बिडाच्या भागांवर सरळ ग्राइंडर फिरवला. ओतीव अक्षरं म्हणजे त्यांच्या मते गंज. मी पोचलो तेव्हा निम्म्या भागांची चांदी झाली होती. उरलेल्यांवर रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी लाकडी पट्टीने वंगणाचा थर खरवडला, वर खडू घासला आणि बॅटरी आडवी धरली. ओंडका ज्यावर टेकतो त्या हेडब्लॉकच्या आतल्या अंगाला अक्षरं उठली. कंपनीचं नाव ग्राइंडरखाली गेलेलं, खाली गावाच्या नावातलं नुसतं '...सबरो' शिल्लक.

वेन्सबरो, पेनसिल्व्हेनिया. आता कुणालाही वाटेल की झालं काम, फ्रिक कंपनीची मिल. फ्रिक १८५३ पासूनची, आणि तिच्या मिल पुष्कळ भेटतात. पण त्याच गावात गायझर कंपनीही होती. तीही सॉ-मिल बनवायची आणि 'पीअरलेस' नावाने माल विकायची. १९१२ मध्ये ती इमर्सन-ब्रँटिंगहॅम या दुसऱ्या कंपनीने घेतली. म्हणजे गाव कळूनही कंपनी कळत नाही. अशा वेळी दुसरा, तिसरा, चौथा भाग बघावा लागतो. ओंडका करवतीपर्यंत नेणाऱ्या गाड्याच्या चाकांचे आरे, बेअरिंगच्या टोप्या, फीडचा म्हणजे गाडा पुढे-मागे करायचा दांडा, ओंडका पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेचं दातेरी चाक, या सगळ्यांवर अक्षरं असू शकतात. उठावाचा नंबर हा साच्याचा, म्हणजे कारखान्यातला. पंचाने ठोकलेला नंबर कुणीही, कधीही मारलेला असू शकतो. चार भागांवर उठावाच्या नंबरांच्या आधी एकच अक्षर येत असेल तर ते भाग बहुधा एका घरचे. साडूंच्या मिलच्या एका चाकाच्या आऱ्यावर शेवटी 'फ्रिक' पूर्ण सापडलं. ग्राइंडर तिथवर पोचला नव्हता, एवढंच.

दातेरी चाकावर पेटंटची तारीखही होती, आकडा १३ की १८ ते कळेना. साडू म्हणाले, "काय फरक पडतो?" पडतो. अमेरिकेत पेटंट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मंगळवारीच देतात. त्या महिन्याचं कॅलेंडर काढलं, १८ ला मंगळवार, विषय संपला. नुसती तारीख असेल आणि नंबर नसेल तर तो साचा बहुधा १९२७ च्या आधीचा, कारण त्या वर्षापासून मालावर पेटंटचा नंबर टाकणं कायद्याने आलं. नंबर मिळाला तर गुगल पेटंट्सवर टाका, मूळ आराखडा समोर येतो. दहा लाखावं पेटंट १९११ चं आहे, त्यावरून काळाचा अंदाज बांधा.

लाकडावरून काही ठरवू नका. अनेक कंपन्या नुसता लोखंडी संच विकायच्या आणि चौकट, गाडा घेणारा स्वतः बनवायचा. तेवढ्यासाठी लाकूड कुठल्या झाडाचं हे विचारत बसणाऱ्या तज्ज्ञांना माझा कोपरापासून नमस्कार. रंगाचंही तेच. मात्र मूळ रंगाचा तुकडा कुठे कोपऱ्यात उरला असेल तर तो पुसू नका. सँडब्लास्टिंग तर नकोच नको.

आता राहिलेली बाब, जी खरं तर आधी सांगायला हवी. पेटंटची तारीख ही त्या एका भागाची असते, मिलच्या जन्माची नव्हे, आणि जुना साचा कंपन्या पेटंट संपल्यावरही वर्षानुवर्षं वापरायच्या. दुसरं, मोडलेला भाग समोर ठेवून गावातला ओतारी हुबेहूब दुसरा ओतायचा, त्यावर मूळ कंपनीचं नावही उतरायचं. आणि मिल अनेकदा खिचडी असते. साडूंच्या मिलचा गाडा फ्रिकचा निघाला, करवतीच्या चौकटीच्या बेअरिंगचे नंबर वेगळ्याच पठडीतले. तुमच्याकडे तसंच निघालं तर एकच नाव चिकटवू नका. आणि ओळख पटवायला म्हणून ती चालू करून बघू नका. बेअरिंगमधला व्हाइट मेटल, म्हणजे मऊ धातूचा थर, फुटलेला असेल किंवा ब्लेडला केसाएवढा तडा असेल तर ओळखायला तुम्हीच उरणार नाही.

साडूंना मी हे सगळं दाखवलं. म्हणाले, "गाडा फ्रिकचा, बेअरिंग भलत्याचं, मग ब्लेड तरी डिस्टनचं आहे ना? म्हणजे पाटी बरोबर." पाटी चूक आहे. मिलच्या दारावर मिलचं नाव लिहायचं असतं. तुम्ही हेडब्लॉक, चाकांचे आरे आणि बेअरिंगच्या टोप्या यांचे बाजूने उजेड पाडून काढलेले फोटो टाका. मिल बंदच ठेवून करवतीकडे तोंड करून, ती फिरली असती तर दाते अंगावर आले असते अशा बाजूला उभे राहिलात तर ओंडका डाव्या हाताला येतो की उजव्या, तेही लिहा. शोधत बसू दोघं मिळून, मला वेळ आहे.