काटा सरकू नये म्हणून

प्रश्न : रानाला नवं तारकुंपण घालताना मुलानं विचारलं, ही काटेरी तार काढली कुणी? वाचलं तर ग्लिडन हे नाव मिळालं. पण त्याच्या आधीही लोकांनी तारेला काटे लावले होते म्हणतात. मग पेटंट त्यालाच कसं?
– एक शेतकरी, ता. करमाळा

उत्तर : तुमच्या मुलाचा प्रश्न मला फार आवडला. त्याला तारेचा एक तुकडा आणि पकड द्या आणि काटा पुढे ढकलून बघायला सांगा. सहजी हलणार नाही. पीळ उलटा फिरवून दोन्ही तारा मोकळ्या केल्या की तोच काटा सैल पडतो. सगळं पेटंट या पिळात आहे.

अमेरिकेच्या मध्यभागातल्या माळरानांवर कुंपणाला ना लाकूड, ना दगड. काटेरी झाडांची वई वाढायला वर्षं लागत. साधी तार ओढली तर गुरं अंग घासून ती वाकवत. म्हणून १८६७-६८ पासूनच काटेरी तारेची पेटंटं निघू लागली. न्यूयॉर्कच्या मायकेल केलीनं १८६८ मध्ये पत्र्याचे चपटे, टोकदार तुकडे भोक पाडून तारेत ओवले. इलिनॉयमधल्या डीकाल्बच्या जत्रेत १८७३ मध्ये हेन्री रोझनं खिळे मारलेली लाकडी पट्टी तारेला टांगून दाखवली. ती पाहणाऱ्यांत तिथलाच साठीचा शेतकरी जोसेफ ग्लिडन होता.

ग्लिडननं काटे वळवायला घरातली कॉफी दळायची चक्की वापरली, असं सांगतात. तारेचा आखूड तुकडा मध्यावर एका तारेभोवती गुंडाळायचा, मग दुसरी तार तिच्याभोवती पिळायची, म्हणजे काटा दोघींत आवळला जातो. (हल्ली काही तारांत काटा दोन्ही पदरांना वेढलेला असतो. तुमची तशी असेल तरी पिळाचं काम तेच.) २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला १,५७,१२४ क्रमांकाचं पेटंट मिळालं. ‘तारेला काटे’ ही कल्पना त्याच्या नावावर झाली नाही. काटा जागच्या जागी धरून ठेवण्याची ही एक रीत झाली. पेटंटच्या कागदावरचा दावा एवढाच असतो आणि भांडण झालं की कोर्ट त्यातला शब्दन् शब्द तपासतं.

भांडण झालंच. ग्लिडननं अर्धा हक्क आधीच गावातल्या आयझॅक एलवूडला विकला होता. उरलेला अर्धा १८७६ मध्ये वॉशबर्न अँड मोएन या तार कंपनीनं ६०,००० डॉलर आणि वर रॉयल्टी देऊन घेतला. मग कंपनीनं छोट्या कारखानदारांवर दावे लावले. तारेचा भाव चढतो म्हणून आयोवातल्या शेतकऱ्यांनी संघटना बांधली, वकील दिला आणि स्वतः तार बनवायला सुरुवात केली. त्यांचा राग मला पटतो. माळावर कुंपण घालायला दुसरं काही हाताशीच नव्हतं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आयोवातल्या डेल्ही गावच्या जत्रेत (आपली दिल्ली नव्हे) १८५८-५९ च्या सुमारास अशीच तार पाहिली, असं सांगायला बरेच साक्षीदार उभे राहिले. इतक्या वर्षांपूर्वी पाहिलेल्या तारेची नुसती आठवण न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. केलीचे चपटे तुकडे आणि ग्लिडनचा वळवलेला काटा यांतला फरक लहान आहे, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. पण फसत आलेली गोष्ट ज्या शेवटच्या पावलानं यशस्वी होते, ते पाऊल टाकणाऱ्याच्या बाजूनं त्यांनी कौल दिला. मलाही तो बरोबर वाटतो, कारण सरकणारा काटा कुंपणाच्या कामाचा नाही. मात्र हा निकाल आला १८९२ मध्ये. पेटंटची सतरा वर्षं १८९१ मध्येच सरली होती. तोवर ती तार कुणीही बनवायला मोकळा झाला होता.

प्रश्न : त्या काळी आपल्याकडे पेटंट मिळे का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मिळे. पहिला कायदा १८५६ चा, मुदत चौदा वर्षांची. त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरनं पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी केला. राणीची पूर्वमंजुरी घेतली नव्हती म्हणून तो कायदा १८५७ मध्ये रद्द झाला आणि १८५९ मध्ये काही बदल करून पुन्हा आणला गेला.