सावली पडणारं भूत आणि कंसाचं मुंडकं

प्रश्न : परवा मुलीसोबत 'नोस्फेराटू' हा १९२२चा जर्मन मूकपट बघितला. रक्त पिणारं भूत उन्हाने मरतं हे तिकडच्या लोककथांतलंच ना? आणि आपल्याकडे हडळ, मुंजा, वेताळ एवढे सगळे असताना फाळके फक्त देवांचेच सिनेमे का करत बसले?
– एक वाचक, दादर

उत्तर : नाही हो, उन्हाची गोष्ट लोककथेतली नाही, ती सिनेमानेच घातली. पूर्व युरोपातल्या गावांत असल्या प्रेताचा बंदोबस्त म्हणजे छातीत खुंटी ठोका, मुंडकं तोडा नाहीतर सरळ जाळून टाका. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत तर काउंट (सरदार) ड्रॅक्युला लंडनमध्ये भरदिवसा फिरतो, दिवसा त्याची ताकद कमी होते इतकंच, आणि शेवटी मरतो तो सुऱ्यांनी. 'नोस्फेराटू'चा दिग्दर्शक मुर्नाऊ, त्याने स्टोकरच्या विधवेची परवानगी न घेताच सिनेमा काढला, नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ऑर्लोक केला आणि शेवटही बदलला, सकाळचं ऊन खोलीत आलं की ऑर्लोक विरून जातो. तिने केस केली, कोर्टाने प्रिंट नष्ट करायचा हुकूम दिला, पण थोड्या वाचल्या म्हणून आज आपल्याला बघायला मिळतो.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे जिन्यावरची ती लांब बोटांची सावली. कादंबरीत ड्रॅक्युलाची सावली पडतच नाही, आपली आजीपण हेच सांगायची ना, भुताला सावली नसते, पाय उलटे असतात. मुर्नाऊने लोकसमजूत बाजूला ठेवून भुताला सावली दिली, आणि भीती वाटते ती त्या सावलीचीच!

आता फाळके. गिरगावात त्यांनी ख्रिस्तावरचा सिनेमा बघितला आणि आपले देव पडद्यावर आले पाहिजेत हे डोक्यात पक्कं बसलं, मग १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातच कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. पण त्यांच्यात भीती नाही असं म्हणू नका. १९१८च्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये घाबरलेल्या कंसाला भास होतो तेव्हा त्याचं मुंडकं धडावेगळं झालेलं दिसतं, आणि चहूबाजूंनी कृष्णच कृष्ण. एकाच फिल्मवर दोनदा शूटिंग करायची युक्ती स्वीडनच्या १९२१च्या 'फँटम कॅरेज'मध्ये मेलेल्यांची आरपार दिसणारी गाडी दाखवायला वापरली, तसल्याच कॅमेऱ्याच्या करामतीतून फाळक्यांनी देवाचे चमत्कार उभे केले. फाळके जादूचे प्रयोगही करायचे, त्यामुळे हात तयार होता.

आणि वेताळाचं म्हणाल तर आपल्याकडे तो नुसता घाबरवणारा नाहीच. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार आहे, रात्री फिरून चपला झिजतात म्हणून लोक त्याला मोठ्या चामडी चपला वाहतात. त्याला खलनायक करणं कोकणातल्या माणसाला तरी पटलं नसतं.

प्रश्न : टोकदार कमानींच्या त्या गॉथिक चर्चवर दगडी भुतं कशाला बसवतात?
– एक वाचक, भायखळा

उत्तर : बऱ्याचशा म्हणजे पन्हाळी. छपरावरचं पावसाचं पाणी त्यांच्या तोंडातून लांब पडतं, भिंत भिजत नाही. पॅरिसच्या नोत्र दामवरचं गालाला हात लावून बसलेलं प्रसिद्ध भूत मात्र पाण्यासाठी नाही, आणि मध्ययुगातलंही नाही, ते एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीच्या वेळी व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने बसवून घेतलं.